मागच्या बाजूचं दार

"काय करता?" असं कुणी विचारलं, तर सिद्रामप्पा एकाहत्तराव्या वर्षीही "गवंडी" असंच सांगायचे. ओळंबा खुंटीला टांगून आठ वर्षं झाली होती, गुडघे जिना बघूनच कुरकुरायचे, तरी "गवंडी होतो" असं म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. शुक्रवार पेठेतली निम्मी घरं आपल्या हातची, असं ते म्हणत. त्यातली थोडी सोडून दिली तरी उरायची तीही पुष्कळ होती.

पण घरांपेक्षा त्यांना अभिमान होता तो तळ्याकाठच्या बागेतल्या शौचालयाचा. ऐकणारा आधी हसायचा. सिद्रामप्पा मात्र गंभीरपणे सांगायचे, "हसू नका. तीस वर्सं झाली, एक चीर दाखवा. पैज."

सोलापूरला समुद्र नाही, आणि उन्हाळा तर असा की चार वाजता पत्र्याला हात लावला तर कातडी सुटावी. त्यामुळे संध्याकाळ झाली की सगळं गाव तळ्याच्या वाऱ्याला येतं. पोरं पायडलच्या होडीसाठी रांग लावतात, म्हातारे कठड्यावर बसतात, विडीकाम करणाऱ्या बायका सुपं आवरून घटकाभर पाय मोकळे करायला येतात. बागेच्या फाटकाशी छोटं महादेवाचं देऊळ, त्यामुळे फुलवाल्या, फुगेवाल्या, शेंगावाल्या दिवसभर तिथंच. एवढ्या माणसांसाठी बागेत शौचालय बांधायचं ठरलं, तेव्हा ते काम सिद्रामप्पांना मिळालं.

नकाशात दोन्ही दारं समोर, येण्याजाण्याच्या वाटेवर होती. सिद्रामप्पांनी नकाशा बघितला आणि त्यांना तो रुचला नाही. देखरेखीवरच्या साहेबांना ते म्हणाले, "साहेब, बायकांचं दार मागल्या अंगाला काढू या. आयाबाया चारचौघांदेखत आत कशा जातील? मर्यादा नको का?" साहेबांनी मान डोलावली. नकाशावर पेन्सिलीनं एक खूण झाली आणि दार मागं गेलं. पाठीमागं कंपाउंडची उंच भिंत, मधे चार हातांचा बोळ, बाजूला बाभळी.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हे मोठ्या कौतुकानं बसव्वाला सांगितलं. बसव्वा, त्यांची बायको, भाकरी थापत होती.

"मागं कोण असतंय तितं?" तिनं विचारलं.

"कोण न्हाय. म्हणूनच की!" सिद्रामप्पा म्हणाले.

तिनं भाकरी उलटली. सिद्रामप्पांना वाटलं, पटलं हिला.

पुढं दोनेक वर्षांनी, मुलगी सिद्धेश्वरी शाळेत जायला लागल्यावर, बसव्वा त्याच बागेच्या फाटकाशी फुलं घेऊन बसू लागली. शेवंती, झेंडू, बेलाची पानं, सणावाराला मोगऱ्याचे गजरे. सकाळी आठला जायची, दिवेलागणीला परतायची. वीस वर्षं बसली. मग तिला सारखा ताप येऊ लागला, पाय सुजू लागले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत म्हणून सांगितलं. साखर होतीच, पण त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, "दिवसभरात पाणी किती पिता?"

बसव्वा पदराच्या काठाकडे बघत म्हणाली, "सवय न्हाय."

"पाणी प्यायला बी सांगावं लागतं का हिला!" सिद्रामप्पा डॉक्टरांसमोरच तिच्यावर करवादले होते.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. तिला जाऊन सहा वर्षं होऊन गेली होती.

मागच्या वर्षी बागेचं रूप पालटायचं ठरलं. एका दानशूर कुटुंबाच्या ट्रस्टनं ते काम अंगावर घेतलं आणि वैजयंती नावाच्या आर्किटेक्ट मुलीकडे सोपवलं. मुलगी सोलापूरचीच, पुण्याला शिकून परत आलेली. जुन्या शौचालयाची मोरी जमिनीखालून कुठून कुठं जाते हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा रखवालदारानं तिला सिद्रामप्पांचं घर दाखवलं.

सिद्रामप्पा धोतराचा सोगा सावरत बागेत गेले आणि काठीनं जमिनीवर रेघ ओढत सगळी मोरी दाखवून आले. वैजयंतीनं भिंतीवर हात फिरवला. "अप्पा, काम फार चोख आहे हो. पाडायचं म्हणजे जिवावर येतं."

"पाडायचं कशाला? रंग मारा, फरशी बदला."

"नाही अप्पा. बायका येतच नाहीत इथं. मला असं काही करायचंय, की माणसांना नाक मुरडून पळावंसं वाटू नये. दोन घटका बसावंसं वाटलं पाहिजे."

शौचालयाशी बसायचं! सिद्रामप्पांना ते ऐकून गंमत वाटली. पण पोरगी गोड बोलायची, आणि कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्या कामाचं विचारत होतं. ते रोज जाऊ लागले.

एका रविवारी वैजयंतीनं बागेतल्या बायकांना बोलावलं. कडुनिंबाखाली जागा झाडून घेतली आणि हातात रांगोळीचा डबा घेऊन तिनं नव्या शौचालयाचा नकाशा खऱ्या मापात जमिनीवर काढला. टेपचं एक टोक सिद्रामप्पांच्या हातात, दुसरं तिच्या. इथं दार, इथं हात धुवायची जागा, इथं लेकुरवाळीला बसायला खोली. मग ती म्हणाली, "आता यातून चालून बघा. काय अडतंय ते मला सांगा."

बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकजण उठली. रांगोळीचा उंबरा आला तसा तिनं खरा उंबरा असल्यासारखा पाय उचलला, आणि सगळ्यांची भीड चेपली. कुणी म्हणालं, पिशवी अडकवायला खुंटी पाहिजे. कुणी म्हणालं, बसून उठताना धरायला काहीतरी पाहिजे. शेंगा नि कणसं विकणारी रेश्मा म्हणाली, "माझी टोपली कुटं ठिवू? भाईर ठिवली तर कुत्रं तोंड घालतंय." रेश्मा वेळापूरकडची. बसव्वाच्या शेजारी तिनं दहा-बारा वर्षं काढली होती. वैजयंती भराभर लिहून घेत होती.

तेवढ्यात फुगेवाली बजाबाई पुढं झाली. पंचाहत्तरीची, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. तिला चार हातांपलीकडचं माणूस ओळखू येत नसे, पण आवाज खणखणीत.

"ते खुंटी-बिंटी ऱ्हाऊ द्या बाजूला," ती म्हणाली, "आदी सांगा, दार कुटं काढणार? का परत मागंच? कुणा मुडद्याच्या डोस्क्यातनं निगालं हुतं ते मागलं दार, त्याचं त्यालाच ठावं!"

बायका हसल्या. वैजयंतीची पेन्सिल थांबली. तिनं सिद्रामप्पांकडे बघायचं टाळलं. "जुनी पद्धत होती मावशी तशी," ती हळूच म्हणाली.

"पद्दत कसली? त्या बोळात पत्ते कुटणारी टोळकी, दारूच्या बाटल्या. एका पोरीला अडवली हुती तितं. आरडली तरी पुढं ऐकू येत न्हाय. मग कोन जातंय मरायला?"

"मग इतकी वर्षं तुम्ही कुठं जायचात?"

"ऱ्हाऊ द्या की मावशी," रेश्मा मधेच बोलली. "जुनं कशाला उकरायचं?" तिची नजर सिद्रामप्पांकडे गेली होती. पण बजाबाईला ती दिसायची कशी.

"उकरायचं कशाला, सांगते की. मी घरीच जायची, माझं घर जवळ. रेश्मा त्या चहावाल्याच्या बायकोकडं. आन् ती फुलवाली बसव्वा हुती बगा, लई गुणाची बाई, ती देवळामागच्या गल्लीत एका वळकीच्या घरी जायची. जायला यायला अर्दा घंटा. टोपली आमच्या भरवशावर. एकदा माझंबी गिऱ्हाईक आलं, माझं ध्यान न्हाय, शेरडानं तिच्या शेवंतीच्या माळा खाल्ल्या. तेवड्यात तिचा नवरा आला. पाव्हन्याला संगं घिऊन. ही धापा टाकत आली, तर समद्यांदेखत तिला बोलला. काय बोलला गं रेश्मा? धंदा करायला बसतीस का गावभर हिंडायला, असं. ती म्हनाली, चुकलं. बास. त्या दिवसापासनं बाईनं पानीच सोडलं. सकाळी घरनं निगताना कपभर चा, की राती घरी गेल्यावर तांब्या. आमी म्हनायचो, बसव्वा, घोटभर घे गं, उनाचं मरशील. तर हसायची निस्ती."

सिद्रामप्पांच्या हातातलं टेपचं टोक सुटलं आणि ते रांगोळी पुसत सर्रकन वैजयंतीकडे गेलं.

त्यांना तो दिवस आठवत होता. अक्कलकोटचा साडू आला होता, त्याला आपण बांधलेलं काम दाखवायला म्हणूनच ते बागेत आले होते. शेरडाच्या तोंडातली पिवळी माळ आठवत होती. बसव्वा खाली बसून एकेक फूल वेचत होती, तिच्या मानेवरून घाम ओघळत होता, तेही आठवत होतं. कुठं गेली होतीस, हे विचारल्याचं मात्र आठवेना. विचारलंच नव्हतं.

ते तडक घरी गेले. जेवले नाहीत. दुपारी त्यांनी अकलूजला फोन लावला. सिद्धेश्वरी तिथं शाळेत शिकवत होती.

"तुजी आई बागेत बसायची, तवा पाणी पीत नव्हती. तुला ठाऊक होतं?"

पलीकडं सिद्धेश्वरीनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"होतं, अप्पा."

"का पीत नव्हती, ते?"

"तेही होतं."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणायची, त्यांनी बायकांची अब्रू राखायला म्हणून केलं ते. सांगितलं तर मनाला लावून घेतील."

सिद्रामप्पांनी फोन ठेवला. देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. इष्टलिंग हातात घेतलं, पण मन लागेना. शेवटच्या दीड वर्षात त्यांनी तिची सेवा केली होती, हातानं औषध पाजलं होतं, पाय चेपले होते, आणि आपण काही कमी केलं नाही, याच आधारावर ही सहा वर्षं गेली होती. आता तो आधार हाताला लागेना.

दुसऱ्या दिवशी ते रेश्माच्या शेगडीशी गेले. ती शेंगा भाजत होती.

"रेश्मा, ते दार मी काढलं. मीच सांगितलं हुतं सायबाला."

रेश्मानं झारा चालवायचा थांबवला नाही. "ठावं हाय की, अप्पा."

"कुणी सांगितलं?"

"बसव्वाक्कानंच. पयल्याच दिवशी. म्हनली, ही इमारत माज्या मालकांनी बांदलीया, बग एक तरी चीर हाय का. म्हनून मी तिच्यादेखत त्या दाराला कदी शिवी दिली न्हाय. बजामावशी यड्यावानी बोलती, तुमी मनावर घिऊ नका."

"खरं तेच बोलली ती," सिद्रामप्पा म्हणाले.

रेश्मानं कागदाच्या पुडीत शेंगा भरून पुढं केल्या. त्यांनी घेतल्या, पण त्या तशाच खिशात राहिल्या.

आठवड्यानं जुनी भिंत पाडायला माणसं आली. सिद्रामप्पा म्हणाले, पहिला घाव मी घालणार. वैजयंती नको नको म्हणत होती. त्यांनी घण उचलला आणि मागच्या दाराच्या चौकटीशेजारी घातला. भिंतीला नुसता ओरखडा उठला. पुन्हा घातला. सिमेंटमध्ये त्यांनी तेव्हा हात आखडला नव्हता, पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं होतं. तिसऱ्या घावाला हातातून मुंग्या गेल्या आणि ते मटकन खाली बसले. शेवटी माणसांनी मशीन लावलं. तरी ती भिंत पडायला दोन दिवस लागले. ते दोन्ही दिवस सिद्रामप्पा समोर बसून होते.

नव्या कामावर त्यांची तऱ्हा बदलली. आधी वैजयंती विचारायची आणि ते सांगायचे. आता त्यांनाच विचारायचं वेड लागलं. समोरच्या पडवीत बसायला कट्टा करायचा होता. शहाबादी फरशी येऊन पडली होती, नकाशात उंची लिहिलेली होती. पण सिद्रामप्पांनी विटांचे तीन कमीजास्त ढीग रचले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना थांबवू लागले. "मावशी, जरा हितं बसा की. पाय टेकतात का भुईला? उठताना गुडघा दुखतोय का?" बजाबाईला तर त्यांनी चारदा बसवली. तोवर तिला कुणीतरी सांगितलं होतं हे कोण ते. ती खजील होऊन म्हणाली, "अप्पा, माझ्या जिभेला हाड न्हाय."

"न्हाय तेच बरं. ह्या ढिगावर बसा आता."

कट्ट्याचं काम त्यांनी स्वतः केलं. गुडघे साथ देत नव्हते, म्हणून फळीच्या तुकड्यावर बसून सरकत सरकत थापी चालवली. दाराशी देखरेखीसाठी खिडकी झाली, तिथं दिवसा रेश्मा बसेल असं ठरलं. टोपल्या ठेवायला आत रुंद फळी झाली. प्यायच्या पाण्याचा नळ बाहेर, दोन्ही दारांपासून लांब, वेगळ्या खांबावर. बायकांचं दार सरळ वाटेवर, उजेडात. कडुनिंब न तोडता पडवीचं छप्पर त्याला वळसा घालून नेलं.

उद्घाटनाच्या आधी वैजयंतीनं विचारलं, "अप्पा, पडवीला बसव्वाआजींचं नाव देऊ या का? ट्रस्टचीही हरकत नाही."

सिद्रामप्पांनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. मग येऊन म्हणाले, "नको बाई."

"का हो?"

"तिला आवडलं असतं का, मला ठाऊक न्हाय. इचारायला ती न्हाय. आन् तिला न इचारता तिच्या वतीनं ठरवायचं, ते एकदा करून झालंय माझं."

पडवी बिननावाची राहिली. पण लोकांनी तिला "कट्टा" म्हणायला सुरुवात केली. दुपारी विडीकाम करणाऱ्या बायका सुपं घेऊन सावलीला येऊ लागल्या. त्यांच्या तेलुगू गप्पांत रेश्माचं वेळापुरी मराठी मिसळायचं. एका शिक्षिकेनं जुनी मासिकं आणून ठेवली. नातवाला लघवीला घेऊन आलेले आजोबा तिथंच पेपर वाचत बसायचे. बजाबाईनं फुगे टांगायची जागा हलवून कट्ट्याच्या खांबाशी आणली. बायका मैत्रिणींना सांगायच्या, कट्ट्यावर भेटू. शौचालयाशी बसायचं, याचं आता कुणालाच काही वाटत नव्हतं.

सिद्रामप्पा रोज सकाळी जात. फाटकाशी आता एक तरुण फुलवाली बसते. ऊन चढलं की ती नळाशी येऊन ओंजळीनं पाणी पिते, तोंडावर मारते, आणखी पिते. सिद्रामप्पा ते बघत आणि मग दुसरीकडे तोंड फिरवत. लोक म्हणत, अप्पांनी म्हातारपणी मोठं पुण्याचं काम केलं. ते हात जोडत. बसव्वानं फाटकाशी काढलेले वीस उन्हाळे त्यांच्या डोळ्यांसमोर येत, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी फरशीच्या गुळगुळीतपणाचं कौतुक करत असे.

मे महिन्याच्या सुट्टीत सिद्धेश्वरी आली. वडिलांबरोबर बागेत गेली, सगळं फिरून बघितलं, आत जाऊन आली, कट्ट्यावर बसली. "छान झालंय, अप्पा," म्हणाली.

घरी आल्यावर ती चहा ठेवायला आत गेली. सिद्रामप्पा दारात उभे होते. सिद्धेश्वरीनं पायानंच कोपऱ्यातला लाकडी पाट ओढला, ओट्याखाली सरकवला आणि त्यावर उभी राहून पातेलं चढवलं. डोळे मिटून करावं इतक्या सवयीनं.

"पाट कशाला घेतलास?"

"ओटा उंच आहे ना. पुरत नाही." ती सहज म्हणाली. "आई तर कायम पाटावरच उभी असायची. पोळ्या लाटताना तिचे खांदे भरून यायचे."

हा ओटा सिद्रामप्पांनी स्वतः बांधला होता, लग्नानंतर आठव्या वर्षी. तो पाट त्यांनी रोज बघितला होता. बसायचा पाट आहे, असंच समजत आले होते. ते पुढं झाले, पोरीला पाटावरून उतरवलं आणि तिच्या कमरेपासून ओट्यापर्यंत बोटं लावून बघितली. वीतभर जास्त.

"उद्या उतरवतो," ते म्हणाले. "दोन दिवसांचं काम. वरचा थर काढायचा, फरशी परत बसवायची."

सिद्धेश्वरीनं गॅस बारीक केला. "आता कुणासाठी, अप्पा? मी परवा जाणार. तुम्ही एकटेच तर स्वयंपाक करता."

ती कपबश्या काढायला वळली. सिद्रामप्पा ओट्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात फरशीवर टेकवले. त्यांच्या उंचीला तो अगदी बरोबर होता.